गालिच्याखालची मुदत ठेव

प्रत्येक घराला स्वतःचा असा एक वास असतो आणि तो त्या घरातली माणसं सोडून बाकी सगळ्यांना येतो. ही सोय निसर्गानं फार विचारपूर्वक केलेली आहे. एकच वास सतत येत राहिला की नाक थोड्या वेळानं त्याची नोंद घेणंच बंद करतं. तोच अर्जदार रोज समोर येऊन उभा राहिला की कारकुनाला तो दिसेनासा होतो, तसंच हे. आम्हाला वाणिज्य शाखेत 'गुडविल' नावाची एक चीज शिकवली होती. ती दिसत नाही, हाताला लागत नाही. पण धंदा विकायला काढला की तिची किंमत होते. घराच्या वासाचंही तसंच. फरक इतकाच, की हे गुडविल बहुधा उणे बाजूला असतं आणि त्याची किंमत पाहुणे करतात.

आमच्या घराचं गुडविल उणे बाजूला नेलं ते रावसाहेबांनी. रावसाहेब म्हणजे आमचा बोका. 'आमचा' म्हणायचं ते रीत म्हणून. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसात ते खिडकीतून आले, आईनं त्यांना बशीभर दूध घातलं आणि त्या दिवसापासून आम्ही त्यांचे झालो. पिवळा रंग, रुंद जबडा, एक कान फाटलेला. चालणं असं, की सारा वाडा यांच्या नावावर आहे आणि आम्ही पागडीवर राहतोय.

वाडा सदाशिव पेठेतला, आमच्या खोल्या माडीवर. जमीन सागवानी फळ्यांची. ज्यांचा जन्म फरशीवर गेला त्यांना फळ्यांच्या जमिनीचं सुख कळायचं नाही. थंडीत पाय गारठत नाहीत. रात्री उशिरा कोण आलं ते कोणती फळी करकरली यावरून कळतं. दोन फळ्यांमधल्या फटीतून खालच्या बिऱ्हाडात आज काय शिजतंय तेही कळतं. मात्र फट दोन्ही बाजूंनी फट असते, हे लक्षात ठेवावं लागतं. वरून सांडलेलं खाली पोचतं.

बाहेरच्या खोलीत या फळ्यांवर वडिलांनी १९८३ साली एक लोकरी गालिचा अंथरला होता. मिर्झापुरी, लाल, मध्ये निळं कमळ. हप्त्यानं घेतलेला. वडील गेले, तरी गालिचा राहिला. त्याच्यावर पाय पुसायचे नाहीत, चहा प्यायचा नाही, कॅरम मांडायचा नाही, असे नियम होते. ते आम्ही सगळे पाळत होतो. रावसाहेबांना कुणी सांगितले नसावेत.

उन्हाळा बरा गेला. मृगाचा पाऊस सुरू झाला आणि वास उठला. आम्हाला नाही; आमच्या नाकांनी केव्हाच राजीनामा दिला होता. तो आला आत्याला. आत्या पाऊल टाकताक्षणी थबकली, पदर नाकाशी नेला आणि स्वयंपाकघरात जाऊन आमच्या हिला हळू आवाजात म्हणाली, "चालायचंच गं. वयस्कर माणूस घरात असलं की व्हायचंच."

मी म्हटलं, "आत्या, वास बोक्याचा आहे."

"हो रे बाबा, बोक्याचाच," आत्या म्हणाली. 'काय बोलणार बिचारा, आई आहे त्याची,' असा तो सूर होता.

आत्याचा हळू आवाज म्हणजे तीन खणांपलीकडे ऐकू जाणारा. आईला एकोणऐंशिव्या वर्षी दिसतं कमी, पण ऐकायला सगळं येतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती दोनदा आंघोळ करू लागली. पातळ सकाळचं संध्याकाळी पुन्हा धुवायला टाकू लागली. खिडकीशी तिची वेताची खुर्ची होती. तिथं बसून रस्त्यावर कोण चाललंय याची हजेरी घेणं हा तिचा पन्नास वर्षांचा व्यवसाय. ती खुर्ची तिनं हळूच आतल्या खोलीत ओढून नेली. "बाहेर वारा फार लागतो," म्हणाली. पुण्यात, आषाढात, खिडकी बंद असताना!

आता या वासाचा बंदोबस्त करणं भागच होतं. मी आईला चारदा सांगितलं, "अगं, तो रावसाहेबांचा वास आहे." ती चारही वेळा "असेल हो," म्हणाली. साक्षीदार घरचा असला की कोर्ट त्याचं ऐकत नाही.

वाड्यात बातमी पसरायला वेळ लागत नाही. खरं तर ती आमच्याआधीच पसरली होती. उपाय घेऊन माणसं येऊ लागली. समोरच्या काकूंनी फिनेलची बाटली आणली आणि 'राहू द्या, राहू द्या' म्हणेपर्यंत कोपऱ्यात ओतलीसुद्धा. आत्यानं उदबत्त्यांचा पुडा पाठवला. त्यामुळे मूळ वास तसाच राहून त्याला केवड्याची जोड मिळाली. गाभाऱ्यात मांजर व्यायलंय असं वाटू लागलं. तिसऱ्या एका हितचिंतकानं व्हिनेगर शिंपडायला लावलं. व्हिनेगर आम्ल, अमोनिया अल्क, तेव्हा दोघं मिळून शांत होतील, हा त्यांचा सिद्धांत. सिद्धांत बरोबर होता, पण लोकर जाड होती. घरभर लोणच्याचा वास सुटला आणि रावसाहेबांनी, आपल्या हद्दीत कुणीतरी परका आला असं समजून, त्याच जागी पुन्हा सही केली.

अखेर खालच्या बिऱ्हाडातले सर वर आले. सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं छत म्हणजे आमची जमीन. त्यामुळे या प्रश्नात त्यांना शास्त्रीय कुतूहलाखेरीज खाजगी रसही होता. आमच्या कोचाच्या बरोबर खाली त्यांच्या छताला श्रीलंकेच्या आकाराचा एक डाग पडला होता.

सरांनी आधी फिनेलची बाटली जप्त केली. म्हणाले, "हे फिनॉल जातीचं. मांजराच्या यकृताला याचा निचरा नीट करता येत नाही. पंजाला लागलं, त्यानं चाटलं की विष. आणि ब्लीचिंग पावडरचं तर नावही काढू नका. मुतातला अमोनिया आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू होतो. वास जाईल, पण नाकासकट."

मग त्यांनी कोचावर बैठक मारून तासभर जे सांगितलं, ते वाणिज्य शाखेच्या माणसाला समजलं तसं लिहितो. मांजराचे पूर्वज वाळवंटाकडचे, कोरड्या मुलखातले. पाणी कमी, म्हणून लघवी दाट. तिच्यात युरिया असतो. हा युरिया फ्रीडरिश व्होलर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८२८ साली प्रयोगशाळेत तयार केला आणि आपल्या गुरूला कळवलं, की माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडावाचून मला युरिया करता येतो. मांजराचा उल्लेख त्यानं का टाळला कोण जाणे; त्याच्या घरी गालिचा असावा. असो. या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. तो पहिला वास, नाकात चरचरणारा.

"पण खरी गंमत पुढेच आहे," सर म्हणाले. ज्या गोष्टीला रसायनशास्त्राचे लोक गंमत म्हणतात तिच्यापासून लांब राहावं, हे मला तेव्हाच कळलं. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचा गंधकयुक्त पदार्थ असतो. बोक्याच्या लघवीत तो भरपूर. २००६ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की मांजराच्या मूत्रपिंडातून येणारं एक प्रथिन हा फेलिनीन तयार करायला मदत करतं. ताज्या फेलिनीनला म्हणण्यासारखा वास नसतो. तो हळूहळू फुटत जातो आणि त्यातून गंधकाचे उग्र वायू सुटतात. म्हणजे रक्कम आज भरायची आणि व्याज पुढे मिळत राहायचं.

"मुदत ठेव!" मी म्हटलं.

"आणि पावसाळ्यात चक्रवाढ," सर म्हणाले. पाणी उडून जातं, पण क्षार आणि युरिया लोकरीत नि लाकडाच्या छिद्रांत दबा धरून बसतात. हवा दमट झाली की ते ओल धरतात आणि वास पुन्हा जिवंत होतो. लोकर तर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊन वर कोरडी असल्याचा आव आणते. अशी खातेदार मंडळी आमच्याही पाहण्यात आहेत.

गालिचा उचलायचा ठरला. त्याच्यावरचा कोच, टीपॉय आणि चाळीस वर्षांची धूळ बाजूला करून आम्ही चौघांनी गुंडाळायला सुरुवात केली, आणि काम तिथंच थांबलं. कारण गालिच्याखाली वडिलांनी वर्तमानपत्रं अंथरली होती, जून १९८३ मधली. लॉर्ड्सवर भारताच्या १८३ धावा, वेस्ट इंडिज सर्वबाद १४०. ज्याला जुन्या वर्तमानपत्रावर बसून आधी ते वाचायचा मोह होत नाही तो माणूस माझ्या ओळखीचा नाही. सर गुडघे टेकून वाचू लागले. आमची ही साड्यांच्या जाहिरातीतल्या किमती बघून हळहळू लागली. कन्येनं विचारलं, "बाबा, तेव्हा पेपर एवढा मोठा असायचा?" मी धावफलक शोधत होतो. तो सापडला. त्याच्यावर रावसाहेबांची अशी नेमकी शाई पडली होती, की आपल्या गोलंदाजीचा तपशीलच वाचता येत नव्हता.

कागद सोलून काढले. खाली फळ्यांवर तीन-चार ठिकाणी काळे डाग होते. सर म्हणाले, लाकडातल्या टॅनिनची अमोनियाशी गाठ पडली की असा काळिमा येतो. पण सगळे डाग काळे नसतात; काही नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. ते हुडकायला हवा जांभळा दिवा, अतिनील किरणांचा.

हा दिवा मला परका नव्हता. नोट खरी की खोटी हे पाहायला आम्ही तोच वापरतो. त्याच्याखाली खऱ्या नोटेवरचे आकडे आणि कागदातले बारीक तंतू चकाकतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या गल्ल्यावर तसला एक हातदिवा असतो. तो रात्रीपुरता मागून आणला. बोक्याचं मूत शोधायला हवाय, हे त्याला सांगितलं नाही. पाचशेच्या नोटा मोजायला घेऊन जातोय, असं त्यानं परस्पर धरलं आणि मला पहिल्यांदाच 'साहेब' म्हणाला.

रात्री नऊ वाजता दिवे मालवले, खिडक्यांना चादरी लावल्या. सरांनी जांभळा दिवा जमिनीलगत धरला. आणि काय सांगावं, काळोखात फळ्यांवर हिरवट-पिवळे डाग उमटू लागले. भिंतीच्या कडेनं एक रांग. कोचाच्या मागं एक तळं. दाराच्या चौकटीला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ओघळ. रावसाहेबांनी आपल्या संस्थानाचा नकाशाच काढून ठेवला होता. कन्या खडू घेऊन प्रत्येक डागाभोवती रेघ मारत होती. ज्याची शंका येईल तिथं सर नाक खाली नेऊन खात्री करून घेत होते. विज्ञानाला माणसं काय काय देतात!

इतक्यात आतल्या दाराशी काठीचा आवाज झाला. आई येऊन उभी होती. कपडे धुवायच्या पावडरीत चकाकी आणणारी द्रव्यं असतात, ती या दिव्यात निळी दिसतात. दोन महिने रोज दोनदा धुतलेलं तिचं पांढऱ्या जमिनीचं पातळ त्या काळोखात नखशिखांत उजळून निघालं होतं. आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो.

आईनं विचारलं, "खिडकीशी बघितलंत का? माझ्या खुर्चीच्या जागी?"

सरांनी दिवा खिडकीकडे नेला. खुर्चीच्या चार पायांच्या चार खळग्या फळीत पडल्या होत्या. त्यांच्या आत, बाहेर, आजूबाजूला दिवा सावकाश फिरवला. एक ठिपका नाही. शुद्ध काळोख.

"काही नाही, वहिनी," सर म्हणाले.

"नीट बघा."

सरांनी पुन्हा बघितलं. "काही नाही."

"हं," आई म्हणाली. मग म्हणाली, "आत्याला हा दिवा दाखवता येईल का रे?"

त्या रात्री तिनं खुर्ची स्वतः ओढत बाहेर आणली. काठी एका हातात, खुर्ची दुसऱ्या हातात. मदतीला गेलो तर, "राहू दे, नेताना मीच नेली होती," एवढंच म्हणाली.

पुढचं सगळं काम सरांच्या देखरेखीखाली झालं. ज्यांच्या घरी फळ्या आहेत आणि बोकाही आहे, त्यांच्यासाठी क्रमवार सांगतो. आधी साधं गार पाणी आणि जरासा साबण, तेही पिळलेल्या फडक्यानं. लाकडावर बादली ओतायची नाही. गरम पाणी किंवा वाफ नाही. मग एन्झाइम आणि जिवाणू असलेलं द्रावण. ते मिळतं आणि महाग मिळतं. ते शिंपडून लगेच पुसलं तर पैसे वाया. ज्या खोलीपर्यंत रावसाहेब पोचले, त्या खोलीपर्यंत ते पोचायला हवं आणि ओलं राहायला हवं, म्हणून वर रात्रभर प्लॅस्टिक झाकायचं. आत जिवाणू जेवायला बसलेले असतात. आधी फिनेल ओतलं असेल तर ते मरतात. म्हणून काकूंच्या कोपऱ्यात तीनदा पाणी फिरवावं लागलं. मग वाळवण, घाई न करता, पंख्याखाली. मग पुन्हा द्रावण, पुन्हा वाळवण. काळ्या डागांवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही आधी कोपऱ्यात लावून बघून, कारण ते डागाबरोबर सागाचा रंगही फिका करतं.

भाद्रपद यात गेला. उन्हं पडल्यावर सुतार आला. एक फळी हाताबाहेर गेली होती, ती बदलली. बाकीच्यांना त्यानं काचपेपर मारला. "साहेब, असं लाकूड आता मिळायचं नाही," असं तो प्रत्येक फळीमागे एकदा म्हणत होता. शेवटी लाखेचं स्पिरिट पॉलिश, तीन हात. लाखेचा थर वास कोंडून धरतो. जे काही आत उरलंसुरलं असेल ते आतच राहतं. स्पिरिट पेट घेतं, म्हणून तीन दिवस आईचे देव आणि निरांजन सरांकडे मुक्कामाला गेले. "म्हणजे लाक्षागृहच की," आई म्हणाली आणि पांडवांसारखी, वेळेवर, खालच्या मजल्यावर निघून गेली.

राहता राहिला गालिचा. लोकरीच्या मुळापर्यंत गेलेलं निघणं कठीण, असं सरांचं मत पडलं. पण वडिलांची आठवण टाकायची कशी? मी म्हटलं, कमळाचा भाग तरी कापून ठेवू. हिनं म्हटलं, उन्हात घालून बघू. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "टाका. ह्यांनासुद्धा तो कधी आवडला नव्हता. दुकानदारानं गळ्यात मारला आणि हे नाही म्हणू शकले नाहीत. हप्ते मी भाजीतून काढले. माझा आहे, मी सांगते, टाका." चाळीस वर्षं आम्ही ज्याच्यावर चहा प्यायलो नव्हतो, तो गालिचा कचऱ्याच्या गाडीत गेला.

रावसाहेबांची आधी तपासणी झाली. भलत्या जागी लघवी करणारा बोका कधी कधी आजारी असतो आणि लघवी अडली तर जिवावर बेततं, असं पशुवैद्यांनी सांगितलं. रावसाहेबांची तब्येत ठणठणीत निघाली. त्यांचा आजार साम्राज्यविस्ताराचा होता. त्यावर शस्त्रक्रिया झाली. दहातले नऊ बोके यानंतर सह्या करायचं सोडतात आणि फेलिनीनही उतरतं. रावसाहेब त्या नवांतले निघाले. आता त्यांच्यासाठी वाळूची दोन घमेली आहेत. एक पसंत पडलं नाही तर दुसरं. बाकीचा वेळ ते आईच्या मांडीवर असतात. दोघं मिळून रस्त्याची हजेरी घेतात.

दिवाळीत आत्या आली. उंबऱ्यात थबकली, सवयीनं पदर नाकाशी नेला, मग हळूहळू खाली घेतला. खोली रिकामी, फळ्या आरशासारख्या. खिडकीशी आई, मांडीवर बोका.

"कसला गं वेगळाच वास येतोय?" आत्या म्हणाली.

"लाखेचा," आई म्हणाली. "लाक्षागृह आहे. जपून बस."